फौजींच्या नावावरचा सर्व्हर

काहीही विचारलं की फौजी आधी चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "ताई, तुमी फिकीर करू नका. मी हाय न्हवं?" असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. नीट बघून ठेवा त्याला.

आमचं वधू-वर सूचक केंद्र साताऱ्यात, शाखा सांगलीत. दोन्हीकडे वेगळी रजिस्टरं. साताऱ्यात लग्न ठरलेल्या मुलाला सांगलीची शाखा पुढे दोन महिने स्थळं दाखवत राहिली. त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांनी माझा उद्धार केला, तेव्हा ठरवलं : माहिती एकाच ठिकाणी, दोन्हीकडून उघडणारी.

फौजी मूळचे कवठे महांकाळचे. सैन्यात वायरलेसवर होते, निवृत्तीनंतर साताऱ्यात कॉम्प्युटरची कामं करायचे. त्यांच्यापुढे मी अकरा प्रश्नांचा कागद ठेवला. सर्व्हर ऑफिसात ठेवायचा की भाड्यानं घ्यायचा? वीज गेली तर? दोन शाखांतल्या दोघींनी एकच फॉर्म एकदम उघडला तर? रोज सगळ्या माहितीची नक्कल, म्हणजे बॅकअप, निघेल का?

"आवं, एवढं तर भरतीच्या वक्ताला बी न्हाई इचारलं कुणी!"

पण उत्तरं चोख दिली. ऑफिसातलं मशीन वीज गेली की बंद, मग सांगलीच्या बायका हातावर हात ठेवून बसणार. "भाड्याचाच घ्या. त्यो कवा बंद पडत न्हाई." मी अकराही ठिकाणी बरोबरची खूण केली. सर्व्हरची नोंदणी फौजींनीच केली, स्वतःच्या नावानं. काम लवकर होतंय म्हणून मीही हो म्हटलं. रोजची नक्कलही तिथंच साठायची.

आमच्याकडे स्थळ आलं की आम्ही तीन ठिकाणी चौकशी करतो : शेजारी, नोकरीच्या जागी आणि गावाकडे. त्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. फौजींची चौकशी मी एकाही ठिकाणी केली नाही. ते आमच्यात बसून डबा खायचे, माझ्या शेंगदाण्याच्या चटणीला "लय भारी" म्हणायचे. गेल्या महिन्यात मला डेंग्यू झाला तेव्हा आठवडाभर सगळं त्यांनीच सांभाळलं, वर रोज पपई आणून दिली.

मग एका दुपारी आमच्याकडे नाव नोंदवलेल्या एक शिक्षिका आल्या. घटस्फोटाची गोष्ट त्यांनी शाळेत कुणाला सांगितली नव्हती. त्यांचा फॉर्म फक्त मला आणि फौजींना दिसायचा.

"इस्लामपूरच्या कुठल्याशा केंद्रातून शाळेत फोन आला," त्या म्हणाल्या. "घटस्फोटित बाई तुमच्याकडेच आहेत ना, असं विचारलं. फोन हेडमास्तरांनी उचलला होता."

मी कॉम्प्युटर उघडला. पासवर्ड चालेना. फौजींना फोन लावला.

"मीच सांगणार हुतो, ताई. इस्लामपुरात केंद्र काढलंय मी."

"आमच्या यादीवर?"

"सर्व्हर माझ्या नावावर हाय. कागद बघा."

"फौजी, समोर बाई बसल्यात. विश्वासानं लिहून दिलं होतं त्यांनी."

ते हळूच म्हणाले, "ताकद आली का आता? पपई चालू ठेवा." आणि फोन ठेवला.

खोटं वाटेल, पण ते मनापासून विचारत होते. त्याचाच जास्त राग येतो.

पोलिसांत तक्रार दिली आहे. त्या दिवशी मात्र मला एवढंच करता आलं : कपाटातून बाईंचा कागदी फॉर्म काढला आणि फोटोसकट त्यांच्या हातात दिला. त्यांनी फोटो पर्समध्ये ठेवला.

"आणि त्या फौजींकडचा?"

मी पुन्हा एकदा पासवर्ड टाकून बघितला, चालला नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या.