टोपलंभर उसना गहू

एकोडीच्या चंद्रभागाबाईचा स्वभावच असा, की शेजारून वाटीभर मीठ आणलं तरी ते परत करेपर्यंत तिला घास गोड लागायचा नाही. परत करताना वर चिमूटभर जास्तच. आता अशा बाईनं रशियाचा गहू खाल्ल्यावर काय झालं असेल, सांगा!

साल त्र्याहत्तर. आदल्या पावसाळ्यात बोडीत, म्हणजे शेताला पाणी देणाऱ्या लहानशा तळ्यात, पाणीच साचलं नाही, धान उभ्या जागी करपला. लेक शकुन बाळंतपणाला माहेरी आलेली आणि घरात तांदळाचा दाणा नाही. बाळंतिणीला दूध उतरेना. तान्ही नात रडून रडून निळी पडायची. तेवढ्यात गावच्या रेशन दुकानात बोटीनं आलेला गहू पोचला. भात खाणाऱ्या मुलखात गव्हाचं कौतुक कोणाला? पण चंद्रभागाबाईनं टोपलंभर आणला, भरडला आणि पातळ पेज करून लेकीला पाजली. चौथ्या दिवशी दूध उतरलं. देवा रे, त्या दिवशी ती माऊली चुलीपुढं बसून ढसाढसा रडली.

दुकानदार भैय्यालालनं पेपर वाचून सांगितलं, "रशियानं हा गहू आपल्याले उसना देल्ला हाय. वापस बी गहूच द्या लागते." बाकीच्यांनी ऐकलं नि सोडून दिलं. हिनं मनाशी खूणगाठ बांधली.

दोन सालं धानाची घडी बसवण्यातच गेली. तिसऱ्या साली बोडीखालच्या ओल्या तुकड्यात तिनं गहू पेरला. पिकला छान! पण उसनं फिटल्याशिवाय नवं खायचं नाही, हा तिचा कायदा. शकुनसंगं आलेली नात पोळीसाठी हटून बसली, तरी आजीचं एकच, "आधी त्याईचं."

शीग लावलेलं टोपलं बघून भैय्यालाल हसतच सुटला.

"चंद्रभागाबाई, येड लागलं का तुमाले? पैसे मोजून नेला होता ना गहू?"

"पैसे तुमाले देल्ले. गहू त्याईचा होता."

"अवं, सरकार करन ना परत!"

"सरकारनं सरकारचा करावा. माह्या लेकीनं खाल्ला तेवढा मी करतो."

"आन् मी नाही घेतला तं?"

"तं माही नात तशीच रडत राहीन. नव्या गव्हाले अजून हात लावू नाही देल्ला मी तिले."

भैय्यालालचं हसू मावळलं. त्यानं टोपलं दुकानातल्या गव्हाच्या ढिगात ओतलं आणि रिकामं टोपलं तिच्यापुढं धरलं. बाई जागची हलेना.

"आता काय?"

"लेकुरवाळ्या घरी रिकामं भांडं धाडतेत काय, भैय्यालालभाऊ?"

त्यानं डब्यातला गुळाचा खडा काढला आणि टोपल्यात ठेवला. "घ्या. रशियाकडून."

त्या दिवशी घरात पहिली पोळी झाली. नातीनं गुळासंगं ती मटकावली आणि विचारलं, "आजी, गूळ कोनं देल्ला?"

"तू तान्ही होतीस ना, तवा तुह्या मायले जिनं पेज धाडली, त्या दूरच्या मावशीनं."