आईचा बिल्ला

"कप खाली ठेव. तुझा बिल्ला वाच."

मॅडम सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाल्या. बिल्ल्यावर इंग्रजीत होतं, बाथरूम लेडी. नाव नाही. स्वयंपाकाची बाई त्या दिवशी आली नव्हती म्हणून चहा मी नेला होता. मॅडमनी सगळे कप बेसिनमध्ये ओतले. पाहुणे मोबाईल बघत बसले. आणि मी म्हणाले, "चुकलं." त्याची लाज अजून जात नाही.

कुरवंड्याच्या वाटेवरचा तो बंगला. संडास घासायला तिथं आमच्याच वस्तीतल्या बाया लागतात. यात मात्र बंगलेवाल्यांची कधी चूक होत नाही.

पाहुण्यांत स्पेनची एक बाई होती. पुण्यात मराठी शिकत होती. दुपारी माझ्याजवळ पायरीवर बसली. म्हणाली, "इंग्रजीत दोन नावं नुसती चिकटवतात. आमच्याकडे तसं नाही चालत. मधे तुमच्या 'ची'सारखा शब्द लागतो. बाथरूमची बाई."

तिला ते नाव जरा बरं वाटत असावं. मी विचारलं, "मंजी बाथरूमच्या मालकीची?"

तिनं बिल्ल्याकडे बोट केलं. मग म्हणाली, "हा बिल्ला तुझा?"

"आईचा व्हता."

आईनं तो बारा वर्षं लावला. शेवटच्या तापात ती डोळे उघडेना. मी आई आई केलं. मावशी म्हणाली, "नावानं हाक मार." मारली. काही नाही. मग माझ्याच तोंडून गेलं, "बाथरूम लेडी." मिटल्या डोळ्यांनी ती म्हणाली, "आले, मॅडम." उठायला हात टेकला. त्यानंतर ती बोललीच नाही. अजूनही घरात भांडं पडलं तरी मला ते "आले" ऐकू येतं.

ती गेल्यावर आठव्या दिवशी बंगल्याचा वॉचमन बिल्ला मागायला आला. पोटासाठी मीच तो लावून कामाला गेले.

पायरीवर बसल्या बसल्या हे सगळं वर आलं. तेवढ्यात आतून हाक आली, "बाथरूम लेडी." मी उठले नाही. दुसरी हाक. तिसरी. मॅडम बाहेर आल्या. "बहिरी झालीस का?"

"ती मेली, मॅडम. तुमाला ओ देत मेली. मी न्हाई देणार."

बिल्ला घेऊनच फाटकाबाहेर पडले. परत दिलेला नाही, देणारही नाही. ते नवा बनवतील. तो लावायला बाई कुठून आणतात बघू. वस्तीत मी घरोघर जाऊन आईचं ते "आले" सांगते आहे.