ताईंना कशाची किळस नाही

माझ्या थोरल्या नणंदेला, म्हणजे ताईंना, कशाचीच किळस येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांनी धरूनच चाललेलं. उभा जन्म त्यांनी इस्पितळात वॉर्डातल्या मावशी म्हणून काढला. ओकाऱ्या, पू, बेडपॅन, सगळं निमूट उपसलं. त्यामुळे मोरी तुंबो, मांजर घाण करो की पोरानं गादी भिजवो, हाक एकच: "ताई!" सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हाही दोन्ही मुलगे दाराशी उभे राहून आईची चौकशी करायचे, आणि आत ताई. "तिला त्याचं काही वाटत नाही," असं आमचे यजमान पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे. तोंडदेखल्या कौतुकाला काय पैसे पडतात?

यंदा ताई निवृत्त झाल्या, म्हणून सगळं कुटुंब लांबच्या सहलीला निघालं. डोंगर झाले, धबधबे झाले, वस्तुसंग्रहालयं झाली. प्रत्येक मुक्कामी पोरांच्या खोलीत ताई, सामानापाशी ताई, गाडी लागलेल्या पुतणीच्या तोंडाशी पिशवी धरून ताई. यजमानांचं पालुपद चालूच: "शेवटी समुद्रावर निवांत राहायचंय. तिथे तू इकडची काडी तिकडे करायची नाहीस." ताईंनी ते खरं धरलं. त्यांचं मागणं तरी काय होतं? "मला वाळूत खुर्ची टाकून बसायचंय. तेवढी हाक मारू नका मला."

समुद्राकाठचं घर फोटोत पांढरंशुभ्र होतं. प्रत्यक्षात मोरीच्या जाळीत आधीच्या लोकांचे केस, उशांना खोबरेल तेलाचा कुबट वास. ते परवडलं म्हणायची पाळी आमच्या मंडळींनी आणली. ओले टॉवेल पलंगावर. कलिंगडाच्या साली खिडकीत आणि त्यांवर माश्या. जाऊबाई चिकट, वाळूभरल्या पायांनी थेट स्वयंपाकघरात. निवांत राहायचं म्हणजे कुणी काही उचलायचंच नाही, असा सगळ्यांनी अर्थ घेतला होता. ताईंनी सकाळी खुर्ची बाहेर नेली. बूड टेकतं न टेकतं तोच आतून हाक आली, टॉवेल सापडत नव्हता. मग चप्पल. मग साखर. खुर्ची दिवसभर उन्हात रिकामी तापत राहिली, आणि मला आमच्या सगळ्या गोतावळ्याचा वीट आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी यजमानांनी किनाऱ्यावरच्या टपरीतून कोळंबी आणली. मी म्हटलं, "अहो, वास मारतेय."

"समुद्राचा वास आहे तो," ते म्हणाले.

ताईंना कोळंबीनं पित्त उठतं, आणि पोरांनी पावावर भागवलं. आम्ही मोठ्यांनी मात्र ताटं चाटूनपुसून साफ केली. मीही खाल्ली, का लपवू? ऊन उतरायच्या आत सगळ्यांची पोटं ढवळली. घरात संडास एकच, आणि तो धाकट्या दीरांनी अडवलेला. आमचे यजमान दाराशी पोचले आणि तिथेच, बोळात, भिंतीपासून भिंतीपर्यंत ओकले. वर गिळगिळीत कोळंबीचे तुकडे तसेच्या तसे. मग तोंड पुसून त्यांनी सवयीनं हाक मारली, "ताई!"

ताई आल्या. एकेकाच्या कपाळाला हात लावला, नाडी पाहिली, सगळ्यांना साखर-मिठाचं पाणी पाजलं. कुणाला काही मोठं झालेलं नाही, याची खात्री केली. मग बादली, फिनेल आणि फडकं आणून आमच्या यजमानांपुढे ठेवलं.

"ज्याला उभं राहता येतं, त्यानं आपलं आपण पुसायचं. आमच्या वॉर्डात हाच नियम होता."

"अगं, मला परत उमळून येतंय. तुला सवय आहे. तुला काही वाटत नाही."

"वाटतं."

"काय?"

"किळस. पहिल्या दिवशी वाटली, तेवढीच नोकरीच्या शेवटच्या दिवशी वाटली, बाबू."

यजमान हसल्यासारखं करून म्हणाले, "काहीतरीच! मग आईचं कसं केलंस?"

"किळस येतच होती. रोज. आईला ती दिसू दिली नाही, एवढंच."

दीरांनी संडासाचं दार किंचित उघडलं होतं, ते हळूच पुन्हा लावून घेतलं. ताई बाहेर गेल्या आणि खुर्चीवर बसल्या, समुद्राकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ.

यजमानांनी फडकं दोन बोटांत उचललं आणि दुसऱ्या हातानं नाक दाबलं. मी भिंतीला टेकून उभी होते, पोटात मुरडा होता, पण त्या ओकारीपेक्षा त्या नाक दाबलेल्या हाताचीच मला जास्त शिसारी आली.

"नाक सोडा," मी म्हटलं. "समोर आई झोपल्या आहेत असं समजा, आणि पुसा."

त्यांनी हात खाली घेतला. तोंड वाकडं न करता पुसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.