पडलेलं झाकलं, त्याची गोष्ट

“आजी, ह्याआधी कधी पडला होता का?”

बीडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझा एक्स-रे उजेडाला धरला आणि हे विचारलं. फ्रॅक्चर नेक ऑफ फीमर, म्हणाले. मांडीच्या हाडाला वर खुब्यापाशी बारीक मान असते, ती मोडली होती. ऑपरेशन करावं लागणार होतं.

मी म्हणाले, “न्हाई साहेब, कधीच न्हाई.”

साफ खोटं. दोनदा पडले होते. ते का झाकलं, हे माझ्या वयाच्या बायांसाठी लिहिते.

मी धारूरकडच्या एका वृद्धाश्रमात राहते. उभी हयात आंगणवाडीत मदतनीस होते. बाई फळ्यावर लिहायच्या ते बघून बघून अक्षरं शिकले, तेव्हा चुकलंमाकलं पोटात घाला. पोरगं पडलं की मी पळत जायचे, गुडघा झाडायचे, “काय न्हाई झालं, ऊठ” म्हणायचे. पोरगं रडायचं थांबायचं. ते बोलणं जिभेला बसलं ते बसलंच.

खोलीत शेजारच्या पलंगावर गंगाबाई. परळीची, किराणा दुकानदाराची बायको, सोमवारचा उपास कडक. तिचा वैजनाथ आणि माझा बुद्ध एकाच भिंतीवर शेजारी शेजारी. आश्रमाच्या सिस्टरनं सगळ्यांना न घसरणाऱ्या चपला दिल्या होत्या. “खोलीतबी घाला,” असं रोज बजावायची. पण देवापुढं चपला घालून कसं फिरायचं? आमी त्या उंबऱ्याबाहेर काढायचो आणि पुसलेल्या ओल्या फरशीवर अनवाणी चालायचो. मी तिथंच दोनदा घसरले, गंगाबाई एकदा.

सांगितलं का न्हाई? तर खालच्या खोलीपायी. जी पडते तिला खाली सिस्टरच्या टेबलाजवळ हलवायचे. खाली गेलेली बाई परत वर आलेली आमी बघितली नव्हती. गंगाबाई म्हणायची, “सुमनबाई, तुझं मी झाकते, माझं तू झाक. खाली गेलं की संपलं.”

मग त्या सोमवारी आंघोळीहून येताना ती पाठीवर पडली. डोकं पलंगाच्या कडेला आपटलं. मी हाताला धरून उठवलं आणि म्हणाले, “काय न्हाई झालं.”

ती हसली. “पलंगाला लागलं आसंल बिचाऱ्याला.”

कानामागं टेंगूळ आलं, ते पदराखाली गेलं. दुपारी सिस्टरनं विचारलं, “गंगामावशी, तोंड का उतरलंय?” तिच्या आधी मीच बोलले, “उपास हाय की तिचा.”

मंगळवारी तिचं डोकं ठणकायला लागलं. बुधवारी तिनं चहात मीठ घातलं आणि मला बहिणीच्या नावानं हाक मारली. मी तरी गप्प. गुरुवारी सकाळी ती उठताना झोकांडली, मी धरायला झटक्यात उभी राहिले, डोळ्यापुढं अंधारी आली आणि मीच खाली आले. मला गाडीत घालून बीडला आणलं. ती तिथंच राहिली, आणि तिचं पडणं माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

रक्त तपासलं, छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. मी आढ्याकडं बघत पडून. दुपारी डॉक्टर परत आले. “आजी, रक्त पातळ करायची गोळी घेता का? ऑपरेशनआधी कळायला हवं.”

“मी न्हाई घेत. माझ्या खोलीतली गंगाबाई घेती.”

“मग त्यांनाही जपायला सांगा. ही गोळी घेणारा डोक्यावर पडला, तर आत रक्त साकळत राहतं. बाहेरून काही दिसत नाही.”

मी त्यांची बाही धरली. “साहेब, माझं ऱ्हाऊ द्या. आधी तिला आणा. ती पडली हाय. आज चौथा दिस.”

आश्रमात फोन गेला. तिला आणलं, सीटी स्कॅन काढला. सबड्यूरल हिमाटोमा, म्हणजे कवटीच्या आत, मेंदूवर रक्त साकळलं होतं. कवटीला भोक पाडून ते काढलं. नंतर डॉक्टर मला म्हणाले, “पडल्या त्याच दिवशी आणलं असतं तर...”

ती जगली. पण उजवा हात उचलत न्हाई, आणि शब्द गेले. बोलकी बाई ती, दिवसदिवस बडबडायची.

तिचा लेक आला, माझ्या पाया पडला. “मावशी, तुमी सांगितलं म्हणून आई वाचली.” मी हात जोडले. पुढचं सांगायचं होतं, तोंडातून निघालं न्हाई. ते आज इथं लिहिलं.

आता आमी दोघी खालच्याच खोलीत आहोत. न्हाणीत धरायला दांडा हाय, फरशी कोरडी असते, हाक मारली की सिस्टर येते. ह्याच खोलीला आमी भ्यायलो. मला उभं राहिलं की बीपी एकदम खाली येतो, पोश्चरल हायपोटेन्शन, तेबी आताच कळलं. म्हणून उठून आधी पलंगाच्या कडेला बसते. डॉक्टरांचे, सिस्टरचे उपकार फिटायचे न्हाईत. बायांनो, पडलात तर त्याच दिवशी सांगा. दुसरी पडली तरी सांगा, ती रुसली तरी सांगा.

एकदा मी तिला म्हणाले, “गंगाबाई, मी लई उशिरा सांगितलं.” ती नुसती बघत राहिली. समजलं का, रागावली का, कळायला मार्ग न्हाई.

पण सकाळी मी पाय खाली सोडले, की ती डाव्या हातानं पलंगाचा दांडा ठोकते. “च... च...” करते. समोर भिंतीवर वैजनाथ आणि बुद्ध आहेतच. मी पलंगाखालच्या चपला पायात घालते. तवा कुठं तिचा हात थांबतो, आणि मग मी वॉकर धरून उभी राहते.