उदगीरचे सांत्वन

आता माझ्या फजितीची वार्ता लातूरभर झालीच आहे, तर ती माझ्याच तोंडून ऐका. निदान उच्चार तरी शुद्ध राहतील.

भूकंपानंतरची वर्षे. शहरात शिकवणी वर्गांचे पेव फुटले होते. माधवराव आणि मी मिळून एक वर्ग चालवीत होतो. मी गणित शिकवी. माधवराव भौतिकशास्त्र शिकवीत आणि उरलेला वेळ, माझ्या मते, वाया घालवीत. कुणाचे बारसे, कुणाचे तेरावे, कंधारच्या मुख्याध्यापकांच्या गुडघ्याची विचारपूस. मी त्याला लाचारी म्हणे. हदगाव-कंधारची मुले आमच्याकडेच का येत? माझ्या गणिताची कीर्ती, दुसरे काय!

परीक्षा तोंडावर आली आणि आमचे रसायनशास्त्राचे सर हैदराबादला निघून गेले. पालक मुलांना काढून नेऊ लागले. उदगीरचे पाटील सर आले तरच वर्ग तरणार होता. माधवराव तापाने अंथरुणावर. मी बरा झालो की जातो, म्हणाले. विद्येच्या कामाला ओळख लागत नाही, असे सुनावून मी एस.टी.त बसलो.

पाटील सरांनी दार उघडले. डोक्याचा तुळतुळीत गोटा, मिशीही नाही. त्यांचे वडील आजारी असल्याचे कानांवर होते. मी समजलो. अशा वेळी विचारायचे नसते. बसलो आणि देहाच्या नश्वरतेवर बोललो. चांगले बोललो, असे आजही वाटते. चहा आला, दुखवट्याचे घर म्हणून तो दूर सारला.

तेवढ्यात आतून एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत आले. त्यांनाही म्हणालो, वडील माणूस गेले की घराचे छप्परच जाते.

"कोण गेलं म्हणून राहिले हे?" त्यांनी पाटील सरांना विचारले.

"तुम्हीच, अण्णा."

"आं? लई दिवस झाले का?"

वडील बरे झाले म्हणून पाटील सर तिरुपतीला केस देऊन आले होते. दुखण्यात दवाखान्याची धावपळ माधवरावांनी केली होती. नवसाचा लाडू त्यांच्याकडे पोचला होता, आणि त्यातला अर्धा मी खाल्ला होता. कुणाचा, हे विचारले नव्हते.

मी खाली मान घालून उठलो. अण्णा मुलाला म्हणाले, "जा लातूरला. माधवराव घरचा माणूस हाय."

पाटील सर आले; वर्ग तरला. माणसे जोडणे हेही व्रतच, एकादशीसारखे नेमाने पाळावे लागते, हे मला तेव्हा उमगले. पुढच्या खेपेस माधवराव एका आजाऱ्याला भेटायला निघाले, तेव्हा मीही येतो म्हणालो.

त्यांनी हात जोडले. "नको सर. डॉक्टर म्हणाले, ते वाचतील."