काजळीचं टोक

स्वयंपाकघरातल्या दोरीवरचे बाळाचे लंगोट पेटले नि मी बाळाला काखेत धरून बादलीभर पाणी फेकलं. आग विझली. सासूबाई म्हणाल्या, "गॅस तूच चालू ठेवलास गो. तुझ्यावर पोर कसं टाकायचं? मुंबईला मुलाला फोनच लावते."

तेवढ्यात शेजारणीने बोलावलेले गॅसवाले आले. आमच्या आळीतल्या सगळ्या शेगड्या हेच दुरुस्त करतात, पण नाव कुणाला ठाऊक नाय. चपला काढायच्या आधीच म्हणतात, "कशाला हात लावू नका." मी भिंत पुसायला फडकं घेतलेलं, तेपण काढून घेतलं. "वहिनी, काजळी पुसलीत तर मी विचारू कुणाला?"

गॅसची बटणं बंदच होती. मग गुडघ्यावर बसून, बॅटरी मारून, हुंगत हुंगत भिंत बघितली. काजळी वर पसरलेली, खाली निमुळती. "आग खालून वर चढते. टोक जिथं, सुरुवात तिथं." टोकाला बाळाच्या धुरीची कोळशाची शेगडी. ओवा टाकून ती धुरी रोज सासूबाईच देतात.

"ही इथं कोणी ठेवली?"

सासूबाईंनी राखेचा हात पदरात लपवला नि माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले. मी म्हटलं, "मीच."

गॅसवाल्यांनी त्या पदराकडे बघून बॅटरी विझवली. "बरं. मग उद्यापासून लंगोटांखाली ठेवू नका, मावशी," असं सासूबाईंना सांगितलं.

सासूबाई चहा टाकायला उठल्या. फोन राहिला तो राहिलाच. मी खोटं बोलले खरी, पण तुम्ही असतात तर काय केलं असतंत?