उपासाला चालणारी गोळी

अथर्वशीर्षात बाबा चुकले तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. रामघाटावरच्या आमच्या घरी माणूस एक वेळ स्वतःचं नाव विसरेल, पण पाठ विसरणार नाही.

पौषातली संकष्टी होती. रामनगरच्या यजमानांकडचा अभिषेक आटोपून आई, बाबा आणि मी नावेने परतत होतो. मध्येच इंजिन बंद पडलं. नावाड्याने वल्हं मारत कशीबशी नाव पलीकडच्या रेतीला लावली. "दीदी, आप लोग यहीं बैठिए, हम दूसरी नाव लेके आते हैं," म्हणाला आणि रेती तुडवत निघून गेला. समोर घाटांवर दिवे लागत होते. आमच्या बाजूला रेतीशिवाय काही नव्हतं.

बाबांनी संध्याकाळचा पाठ सुरू केला आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणू लागले. थंडीने माझे दात वाजत होते, आणि त्यांच्या कपाळावर घाम! हात धरला तर थरथरत होता.

"आई, सकाळी शुगरची गोळी घेतली बाबांनी?"

"घेतली की. गोळी उपासाला चालते."

चालते! या संकष्टीला बाबा पाण्याखेरीज काही घेत नाहीत. पण गोळी म्हणजे काही अन्न नव्हे, म्हणून ती रिकाम्या पोटी चालते, आणि साखर अशी उतरते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी शाळेतल्या मुलींना मिर्झापूरच्या डोंगरांत घेऊन जाते. मुरगळलेले पाय, विंचू, उन्हाची चक्कर, सगळं निस्तरलंय. औषधांची पिशवी मात्र आज घरी, कारण जायचं होतं फक्त नदीपलीकडे.

ॲम्ब्युलन्सला फोन लावला. "रोड कौन सा है?" पलीकडून विचारलं. "रोड नहीं है भैया, रेती है," मी ओरडले. नावाड्याचा फोन लागतच नव्हता.

यजमानीणबाईंनी प्रसाद म्हणून दिलेला तिळगुळाच्या लाडवांचा डबा आईच्या मांडीवर होता. एक लाडू मी बाबांच्या ओठांना लावला. त्यांनी दात घट्ट आवळले. "चंद्र..." एवढंच पुटपुटले. मी विनवलं, रागावले, गाल दाबून पाहिले. शुद्ध हरपली की तोंडात काही घालायचीही सोय राहणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझे बाबा माझ्या डोळ्यांदेखत, लाडवांचा डबा शेजारी असताना मरणार होते.

आईने डब्यातून लाडू उचलला आणि अर्धा चावला. लग्नापासून तिची संकष्टी एकदाही मोडली नव्हती, माझ्या वेळच्या बाळंतपणातसुद्धा.

"अहो, इकडे बघा. माझा उपास मोडला. आता तुमचा एकट्याचा राखून काय करताय?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. आवळलेले दात सुटले. आईने तोंडात मऊ झालेला गूळ बोटावर घेतला आणि त्यांच्या गालाच्या आतून चोळला. पुन्हा घेतला, पुन्हा चोळला. मी बघतच राहिले. सोवळ्यात जेवणारा हा माणूस. रोज तो जेवून उठल्यावर त्याच्याच ताटात आई स्वतःचं वाढून घेते.

बाबा गिळत होते. हळूहळू थरथर थांबली, घाम निवला. मला हुंदका आवरेना. दुसरी नाव आली तेव्हा ते माझ्या खांद्याला टेकून बसले होते.

"चंद्र उगवला?" नावेत त्यांनी विचारलं.

"नाही अजून," आई म्हणाली. "दोघांचाही मोडलाय. पाप लागायचं ते मला लागू दे."

रामघाट जवळ आला तरी तो अर्धा लाडू आईच्या मुठीत तसाच होता. प्रसादाचा म्हणून टाकवत नव्हता, आणि खाववतही नव्हता. बाबांनी हात पुढे केला.

"उष्टा आहे हो," आई म्हणाली.

"माहितीये," ते म्हणाले, आणि पूर्ण शुद्धीत त्यांनी तो खाल्ला.